बंद दारापुढचं गाणं

लोपिनो गावातल्या कोकोच्या बागेत मी मातीचे नमुने घ्यायला गेले होते. कोको वाळवायच्या ओट्यावर एक जण गिटार वाजवत बसला होता. पिशवीवर आकडा लिहिता लिहिता माझा हात थांबला...

"काय मोजतेस?" त्यानं विचारलं.

"ठोके. सहा आहेत. पण तुझा हात तीन-तीननं चाललाय नि पाय दोन-दोननं. जुळतात कसे?"

"बघत उभी राहिलीस तर नाही कळायचं. बस इथे."

त्याचं नाव एव्हारिस्तो. नाताळात घरोघर परांगची गाणी गाणाऱ्या त्यांच्या मेळ्याला दुसरी गिटार हवी होती. आणि मला — खरं सांगायचं तर, रोज चार वाजता तिथे जायला कारण.

"डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पहिलं घर," त्यानं बजावलं. "तिथलं दार उघडवलंस तर तू मेळ्यात."

"नाहीतर?"

"नाहीतर तू आणि तुझी माती."

तळवा तारांवर टेकवून ठोका कसा दाबायचा, ते त्यानं माझं मनगट धरून शिकवलं. हात सुटला तरी मनगट उबदारच राहायचं. शेवटी निरोपाचं गाणं असायचं. ते नीट जमलं, की त्या दिवसाची शिकवणी संपली. मी मात्र रोज एकाच जागी अडखळायचे.

"एवढी शिकलेली मुलगी, आणि चौथ्या ठोक्यावर धडपडते! पुन्हा."

पुन्हा. बाहेर पावसाची सर येऊन जायची, कोकोची पानं निथळत राहायची.

रविवार आला. पहिलं घर त्याला वाढवणाऱ्या मावशीचं, टांटी उर्सुलाचं. गाणं पसंत पडेपर्यंत आतून दार उघडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. सुरुवात माझी होती. बोटं आपसूक चालू लागली... सफाईनं, एकही चूक न करता. खुळखुळेवाला थांबून माझ्याकडे बघायला लागला.

आतून टांटी ओरडली, "अगं पोरी, आली नाहीस तोच निघालीससुद्धा?"

मी निरोपाचं गाणं वाजवत होते! सगळा मेळा हसत सुटला. माझे कान तापले. दार बंदच होतं. गेलं सगळं — मेळा, चार वाजताची शिकवणी, आणि तो.

एव्हारिस्तो मात्र हसला नाही. "चौथ्या ठोक्यावर अडखळली नाहीस," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"मग महिनाभर काय चाललं होतं?"

खोटं काही सुचेना. "नीट वाजवलं असतं, तर... घरी जावं लागलं असतं."

 तो खांद्याला खांदा लागेल इतका जवळ सरकला आणि आगमनाचं गाणं अगदी संथ लयीत सुरू केलं. "ये मागून. चुकलीस तरी चालेल. घाई कुणाला आहे?"

"मला आहे!" आतून टांटी. "केळीच्या पानातले पास्तेल गार होतायत!"

मी वाजवू लागले. दोनदा चुकले, या वेळी खरोखरच. तरी कडी निघाली. मेळा गात गात आत शिरला, आणि आम्ही दोघं उंबऱ्याबाहेर तेच कडवं पुन्हा वाजवत राहिलो.