वरचं पातळ, तळाचं घट्ट

यातलं काहीही रचलेलं नाही. दवाखान्याचे कागद आहेत, रक्ताचा रिपोर्ट आहे, तारखा आहेत. ज्याला पटणार नाही त्यानं हसावं. मोतीराम आता कुणाच्या हसण्याचा राग धरत नाही.

गोष्ट यंदाच्या मे महिन्यातली. करमाड, जालना रोडच्या मागची गल्ली. आणि वेळ रात्रीची नाही...

भरदुपारी दोनची.

मोतीरामची बायको सरूबाई जानेवारीत काविळीनं गेली. मागं राहिली अकरा वर्षांची अपेक्षा. पोरीला लहानपणापासून फिट येते. दिवसातून तीनदा पातळ औषध द्यायचं. सगळं सरूबाईच बघायची. मोतीराम शेंद्र्याच्या कंपनीत. त्याला एवढंच माहीत होतं, की माप चुकवायचं नाही.

त्यानं माप चुकवलं नाही.

बाटली हलली की फेस येतो. फेस आला की मापाच्या झाकणातली रेघ नीट दिसत नाही. म्हणून तो बाटली तान्ह्या लेकरासारखी उचलायचा, जराही हलू न देता तिरपी करायचा. बरोबर रेघेपर्यंत. दुपारचा डोस देऊनच दुसऱ्या पाळीला निघायचा.

नवी बाटली फोडली त्या आठवड्यात अपेक्षाला दोनदा फिट आली. नंतर थांबली. मोतीरामला वाटलं, चला, औषध लागू पडलं.

मग बाटली तळाला आली...

आणि पोरगी बदलली.

जीभ जड झाली. डोळे एका जागी ठरेनात, बारीक थरथरायचे. चालताना ती भिंत धरायला लागली.

"बापाच्या वळणावर गेली ही," मोतीरामची थोरली बहीण आवडाबाई म्हणाली. "दुपारीच पेल्यासारखी झुलती."

"मी नाय झुलत, आत्या. फरशीच हलती."

तिघंही हसले.

हसणं थांबलं तेव्हा आतल्या खोलीतून आवाज आला.

खळ... खळ... खळ...

कुणीतरी बाटली जोरात हलवत होतं.

मोतीराम आत गेला. कुणी नव्हतं. लाईट गेलेली, पंखा बंद. बाटली फळीवर, जागच्या जागी.

"उंदीर असंल," आवडाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही.

चौथा दिवस शुक्रवार. त्यानं बाटली उजेडात धरली.

आत फेस होता. ताजा.

त्यानं बाटली खाली ठेवली. सरूबाई डोस देण्याआधी बाटली अशीच हलवत राहायची. त्याला वाटायचं, हाताचा चाळा आहे.

फेस बसेपर्यंत तो थांबला. मग माप ओतलं, झाकण ओट्यावर ठेवलं आणि पोरीला उठवायला वळला.

मागं टक्कन वाजलं.

झाकण पालथं पडलं होतं. औषध ओट्यावर सांडलं होतं, पण वाहत नव्हतं. कालवलेल्या चुन्यासारखं घट्ट बसलं होतं.

त्यानं दुसरं माप ओतलं. या वेळी झाकण हातातच ठेवलं.

आणि त्याच्या मनगटाला कुणीतरी धरलं.

मे महिन्यात, पत्र्याखाली... ती बोटं गार होती.

झाकण सुटलं. दारात उभ्या आवडाबाईनं पदर तोंडात धरला.

"सरू आली रं मोत्या. पोरीला न्यायला आली. बंद कर ते औषध. एक थेंब देऊ नको आता. मी दोरा आणते मंतरून."

"एकदम बंद केलं तर फिटवर फिट येती, आक्का. थांबतच नाय. सरूच सांगायची."

"मग दे की! देऊ देती का ती?"

द्यावं तर हात धरतात. न द्यावं तर पोरगी हातची जाते. मोतीरामनं अपेक्षाला खांद्यावर टाकलं, बाटली खिशात घातली आणि रिक्षा करून थेट शहरातला दवाखाना गाठला.

डॉक्टर मॅडमनी आधी बाटली बघितली.

"हलवून देता ना?"

"नाय मॅडम. फेस येतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"मेंदूत बारीक विजेसारखे निरोप सारखे धावत असतात. ते एकदम सैरावैरा सुटले की फिट येते. हे औषध त्यांना आवर घालतं. पण ते तळाशी बसतं हो. वरचं पातळ दिलंत, आवर कमी पडला, फिट आली. आता तळाचं घट्ट देताय. आवर जास्त झाला. म्हणून गुंगी, म्हणून तोल जातो, डोळे थरथरतात. आज दुपारचा डोस दिला?"

"नाय. सांडला."

"नशीब समजा. तो गेला असता तर पोर शुद्धीवर राहिली नसती."

रक्तात औषध कितीतरी जास्त निघालं. चार दिवस अपेक्षा दवाखान्यात होती. जातेवेळी मॅडमनी नवी गोळी दिली. पातळ औषध नीट हलवून, हळूहळू कमी करत जायचं. गोळी अगदी थोड्यापासून सुरू करून वाढवत न्यायची. "पण अंगावर लक्ष ठेवा. पुरळ, ताप, तोंडात फोड, काहीही दिसलं तर लगेच या. उद्यावर टाकू नका."

घरी आल्यावर बाटलीचा आवाज बंद झाला. पोरगी सरळ चालायला लागली. मोतीराम बारा दिवस नीट झोपला.

तेराव्या दिवशी दुपारी अपेक्षा झोपली होती.

तिच्या ड्रेसच्या दोन्ही बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळलेल्या होत्या... घडीवर घडी घालून.

"आक्का, तू केलं?"

"मी कशाला करू?"

त्यानं हात उजेडात बघितले. काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाह्या खाली होत्या. सलवार मात्र गुडघ्याच्या वर सरकवलेली. पायांवरही काही नव्हतं.

कुणीतरी पोरीचं अंग तपासत होतं.

तिसऱ्या दिवशी तो तिच्या उशाशीच बसला. दोन वाजले. अपेक्षा गाढ झोपेत.

तिचा खालचा ओठ हळूहळू खाली ओढला गेला...

दोन बोटांत धरल्यासारखा. आणि तसाच राहिला.

मोतीराम पुढं वाकला. त्यानं मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं. त्याला काही दिसलं नाही. ओठ सुटला नाही. त्यानं पुन्हा बघितलं. हिरडीपाशी मोहरीएवढा एक फोड होता.

"बघितला, सरू," तो कसाबसा बोलला. "आत्ताच नेतो."

ओठ सुटला.

मॅडमनी ती गोळी त्याच दिवशी थांबवली. आता तिसरं औषध सुरू झालंय. त्याचा काय काय त्रास होऊ शकतो, ते मोतीरामनं मॅडमकडून मराठीत लिहून घेतलं. घरी येऊन पोरीला आवडाबाईबरोबर बाहेर पाठवलं, दार लावलं आणि तो कागद मोठ्यानं वाचला. चक्कर. उलटी. चिडचिड. जास्त झोप. जीव नकोसा वाटणं. एकेक शब्द सावकाश, समोर कुणी बसून ऐकतंय असा.

वाचून संपलं. खोलीत कुणीच नव्हतं.

आणि त्याच्या कानाजवळ, अगदी जवळ, एका बाईचा गार आवाज म्हणाला...

"परत वाच."