मॅक्सीनचा रस्ता

ट्रेंट, तो फोन ठेव बघू खाली. तुझा फोन म्हणतो, आडरस्त्याने तलाव लवकर येतो. म्हणणारच. फोनच्या मागे कुठे भलामोठा ट्रेलर जोडलाय? शेल्बी, तूही सरक शेकोटीजवळ. मक्याचा पाव घे, गरम आहे तोवर. उद्या हायवेने जायचं की डोंगरातल्या जुन्या रस्त्याने, हे म्हाताऱ्या हार्लनला विचारायला आलात ना? मग उत्तर ऐकूनच उठायचं. मध्ये उठायचं नाही.

मी उभा जन्म ट्रक हाकण्यात घालवला. हायवे कंटाळवाणा असतो, कबूल. पण तो जीव घ्यायच्या आधी पाटी तरी लावतो. आडरस्ता पाटीबिटी लावत नाही.

आमचा रॉइस टॅकेट तुम्हाला माहीत नाही. माझा जुना मित्र. त्याची बायको ग्लेंडा, तिने हे सगळं मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितलं. ती बाई भांडखोर आहे, पण खोटं बोलणारी नाही.

ग्लेंडा त्याची दुसरी बायको. पहिली मॅक्सीन. ती आजारपणात गेली, पण जाईपर्यंत या ओझार्कच्या डोंगरातला एकही रस्ता तिने सोडला नव्हता. मागे झोपायच्या सोयीचा ट्रेलर, खिडकीची काच खाली, आणि हायवेचं नाव काढलं की नाक मुरडायची. निघण्याआधी एकाने मागे उभं राहून ट्रेलरचे दिवे बघायचे असतात, ते काम तिचं. "डावा! उजवा! ब्रेक!" असं ओरडायची आणि मग डाव्या हाताने पत्र्यावर दोन थापा. थप, थप. म्हणजे सगळं ठीक आहे, चल. त्या हाताचं अंगठीचं बोट अर्धंच होतं. ट्रेलर जोडताना हुकात सापडलं होतं एकदा.

ग्लेंडा आली तशी तिने ट्रेलरचे पडदे बदलले, गादी बदलली, नव्या उशा घेतल्या. दिवे तीही बघायची, पण थाप म्हणून मारायची नाही. नुसतं "चला" म्हणायची. सगळं बदललं, पण रॉइसचं तोंड कसं बदलणार? कुठलाही फाटा आला की हा म्हणणार, "मॅक्सीन असती तर इथून वळली असती." बटाटे करपले की, "मॅक्सीन जरा मंद आचेवर ठेवायची." ग्लेंडाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, त्यातला प्रकार. "हार्लन," ती मला म्हणाली, "जिवंत सवत परवडली. तिच्या चुका तरी काढता येतात."

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरमधला शेवटचा शुक्रवार. दोन दिवस पाऊस पडून संध्याकाळी उघडला होता. रॉइसच्या बहिणीचा वाढदिवस तलावावर करायचा ठरलेला, म्हणून हे दोघं ट्रेलर घेऊन रात्रीच निघाले. केक ग्लेंडाने केलेला, तो ट्रेलरच्या फ्रिजमध्ये. फाट्यावरच्या पंपावर पेट्रोल भरायला थांबले. सरळ गेलं की हायवे, उजवीकडे जुना रस्ता.

"हायवेनेच जाऊ," रॉइस म्हणाला.

ग्लेंडाला बरं वाटलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिच्या मनासारखा रस्ता. पण गडी तिथे थांबेल तर ना!

"तसा जुना रस्ता जवळचा आहे," तो म्हणाला. "पण रात्री ट्रेलर घेऊन तिथून जाणं तुझ्यामाझ्या आवाक्यातलं नाही. मॅक्सीन असती तर गोष्ट वेगळी होती."

झालं.

"चावी दे," ग्लेंडा म्हणाली.

"कशाला?"

"दे म्हणते ना. मी चालवणार. जुन्या रस्त्याने."

"ग्लेंडा, वेड्यासारखं करू नकोस. खाली फरशी पुलावर पाणी असेल."

"तिच्या वेळी नव्हतं वाटतं पाणी? की तिला बघून ओढा वाट करून द्यायचा?"

रॉइस हसला. हसायला नको होतं. तिने चावी हिसकावलीच.

रस्ता तुम्ही दिवसा पाहिलाय. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला घळ, मध्ये जेमतेम एका गाडीची जागा. वरून धुकं उतरलेलं. ग्लेंडा स्टिअरिंगला चिकटून बसली होती, पण चालवत होती झकास. जुन्या गिरणीपाशी जरा मोकळं पटांगण लागलं. "इथून वळव, अजून वेळ गेली नाही," रॉइस म्हणाला. तिने ऐकलं नाही. गिरणीच्या पुढे वळण, वळणाच्या पुढे उतार, आणि उताराच्या तळाशी फरशी पूल.

पूल नव्हताच. नुसतं पाणी. गढूळ, जोरात चाललेलं, झाडाच्या फांद्या घेऊन चाललेलं.

आता काय? वळायला जागा नाही. ट्रेलरसकट उलटं चढून गिरणीपर्यंत मागे जायचं. तेही धुक्यात. ट्रेंट, तू परवा रिकाम्या मैदानात मागे घेताना कुंपण पाडलंस ना? मग कर विचार.

रॉइस बॅटरी घेऊन उतरला. "डोंगराकडच्या आरशात बघ," तो म्हणाला. "मी मागे चालतो. बॅटरी हलवेन त्या बाजूला मागचा भाग न्यायचा. आणि बॅटरी दिसेनाशी झाली की थांबायचं. काही झालं तरी थांबायचं."

"मॅक्सीन थांबायची का?"

रॉइस धुक्यात गेला.

डोंगराकडच्या आरशात उजेड दिसला. ती मागे घेऊ लागली. हळू. ओढ्याचा आवाज एवढा की इंजिनसुद्धा ऐकू येईना. उजेड हलला, तिने फिरवलं. उजेड हलला, तिने फिरवलं. आणि मग... उजेड गेला.

तिने ब्रेक दाबला.

"रॉइस?"

ओढा. नुसता ओढा.

मग उजेड आला. पण डोंगराकडच्या आरशात नाही... घळीकडच्या.

बाजू बदलली असेल, तिला वाटलं. उजेड संथ होता. हात न थरथरता धरलेला. तो तिला घळीकडे बोलावत होता. घळीकडे कशाला? थांबायला हवं होतं. पण डोक्यात एकच किडा वळवळत होता... मॅक्सीन थांबली नसती.

तिने फिरवलं.

ट्रेलर घळीकडे सरकला. चाकाखालचे दगड सुटले. खाली गेले. खाली पोचल्याचा आवाज... बऱ्याच वेळाने आला.

उजेड हलला. सरळ.

ती सरळ आली. उजेड मागे मागे जात राहिला, ती त्याच्या मागे मागे. वळण. सुटलं. धुक्यातून गिरणीची भिंत वर आली. उजेडाने हवेत एक गोल काढला. थांब.

ती थांबली. घामाने भिजली होती, पण छाती फुगली होती. केलं की नाही? तिच्याशिवाय केलं की नाही?

तेवढ्यात मागच्या पत्र्यावर आवाज झाला.

थप... थप.

ग्लेंडाच्या डोक्यात तिडीक गेली. आत्तासुद्धा? एवढं मी केलं, जिवावर उदार होऊन केलं, आणि हा माणूस थाप मारतो ती मॅक्सीनची? ती दार आपटून उतरली, तरातरा मागे गेली.

"रॉइस! लाज वाटते का रे? आज तरी..."

मागे कुणी नव्हतं.

"ग्लेंडा..." आवाज आला. पुढून. खालून. ओढ्याच्या बाजूने.

गाडीच्या दिव्यांत रॉइस दिसला. लंगडत वर येत होता. अंगभर चिखल. हातात बॅटरी. काच फुटलेली... विझलेली.

"पडलो," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "सुरुवातीलाच. डोंगराच्या कडेला. पाय मुरगळला, उठता येईना. ओरडलो, तुला ऐकू गेलं नाही. चाक माझ्यावर येत होतं, ग्लेंडा. अगदी पायाशी आलं... आणि वळलं. घळीकडे वळलं. तू कशी वळलीस? तुला काय दिसलं?"

ग्लेंडाने मागे पत्र्याकडे पाहिलं.

"तुला कुणी सांगितलं वळायला?"

ती बोलली नाही. मला म्हणाली, हार्लन, तेव्हा मला भीती नाही वाटली रे. मला राग आला. माझा नवरा माझ्या हट्टापायी माझ्याच चाकाखाली जात होता, आणि त्याला वाचवलं कुणी, तर तिने. ते तरी मला करू द्यायचं होतं.

त्याचा पाय बांधायला कापड हवं होतं. ट्रेलरला कुलूप होतं, किल्ली ग्लेंडाच्या खिशात. तिने कुलूप काढलं. दार उघडलं.

उंबऱ्यावर उशी पडली होती.

बिछाना आत, पार दुसऱ्या टोकाला. रॉइसची उशी बिछान्यावर जागच्या जागी. केकसुद्धा हलला नव्हता. फक्त ग्लेंडाची उशी दाराशी... बाहेर काढून ठेवल्यासारखी. आणि पांढऱ्या अभ्र्यावर ओल्या चिखलाचा पंजा. डावा. अंगठीचं बोट अर्धं.

मग रॉइसने काय केलं माहीत आहे? हात पुढे केला. हळूच. आणि त्या पंजावर आपला पंजा ठेवला.

ग्लेंडाने ते पाहिलं. मग त्याच्या हाताखालून उशी ओढून घेतली, आत गेली आणि बिछान्यावर जिथली तिथे ठेवली.

"उपकार झाले," ती रिकाम्या ट्रेलरला म्हणाली. "पण इथे मी झोपते."

तेव्हापासून ते हायवेने जातात. रॉइस फाट्यावर तोंड उघडत नाही.

काय म्हणालीस, शेल्बी? उशी? टाकायची कशाला? ग्लेंडा टाकणाऱ्यातली नाही. त्याच उशीवर झोपते रोज. अभ्रा धुते, घासते, उन्हात घालते. मी पाहिलाय तो, दोरीवर वाळत घातलेला. तळवा गेला. अंगठा गेला. एकेक करून बाकीची बोटंही गेली.

ते अर्धं बोट तेवढं... अजून आहे.