तेराचे बारा

“मी सही करणार नाही,” डॉ. सुहैर म्हणाली. “आधी तेवढं ऐका, मग माझं काम घ्यायचं की नाही ते ठरवा.”

इनायतबाईंनी चहाचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. अरबी मुलखातल्या महल्लासारख्या गिरणीगावात खाजगी गुप्तहेर म्हणून त्या एकट्याच. त्यांचे दीर शौकी, निवृत्त पोस्टमन, शेजारी बसून बिस्किटं संपवत होते.

“सही कशावर?”

“मी चोर आहे यावर.”

सुहैरने टायटॅनियम ऑक्साइडचे, केसाहून कितीतरी बारीक तंतू काढले होते. विजेच्या दाबाने सुईतून पॉलिमर मिसळलेल्या द्रावणाचा धागा ओढायचा आणि त्याचं जाळं भट्टीत भाजायचं. पॉलिमर जळून जातं, उरते ती सिरॅमिकची जाळी. गिरण्यांचं रंगीत पाणी तिच्यावरून उन्हात सोडलं की रंग मोडतो आणि पाणी स्वच्छ होतं. आता सहकारी डॉ. रामीने एक वही पुढे केली होती. कृती तीच, तारीख सुहैरच्या वहीच्या दोन महिने आधीची. उद्या सकाळपर्यंत माफीनाम्यावर सही झाली नाही, तर तिची नोकरी जाणार होती. जाळी तर काही झालं तरी रामीच्याच नावावर नोंदली जाणार होती.

“थोडा फरक आहे,” ती म्हणाली. “पॉलिमर माझं तेरा टक्के, त्याचं बारा. हवेतली ओल माझी तीस, त्याची वीस. भट्टी माझी पाचशे तीस अंश, त्याची पाचशे वीस. सुईचं अंतर दोघांचंही पंधरा. संचालक म्हणतात, त्याची कृती चोरून मी सुधारली.”

“मग झालंच की,” शौकी म्हणाले. “त्यानं नक्कल केली असती तर आकडे जुळले असते.”

“भावजी, तुम्ही बिस्किटं खा,” इनायतबाई म्हणाल्या.

रामी, संचालक आणि भट्टीवाला अशा तिघांना त्यांनी तीन चिठ्ठ्या हातानेच लिहिल्या: प्रयोगशाळेत भेटू, आणि पुढे अरबी आकड्यात तीनची वेळ. शौकींनी त्या नेऊन दिल्या.

तीनला सगळे पोहोचले तेव्हा रामी आधीच तिथे धुसफुसत बसला होता.

“दोनपासून बसलोय. बोलावणाऱ्यानं तरी वेळ पाळावी.”

इनायतबाईंनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि चक्क माफी मागितली. शौकींना ते मुळीच आवडलं नाही.

भट्टी सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या फर्गलींना त्यांनी आधी विचारलं, “डॉक्टरबाईंची वही कुठे असते?”

“भट्टीजवळ, उघडीच. इथं कोण चोरणार म्हणून.”

“यानंच विकली असणार,” शौकी कुजबुजले.

“बारा टक्क्यांनी धागा निघतो?” इनायतबाईंनी फर्गलींना विचारलं.

“निघतो, पण गाठी पडतात. भट्टीत घातला की भुगा. तेराखाली जाळी धरतच नाही.”

“रामीसाहेबांनी कधी काढून पाहिला?”

“छे, त्यांचे हात मळतील ना.”

रामी हसला. “तिची वही मी कधी उघडलीसुद्धा नाही. दहावीपर्यंत मी मॉन्ट्रियलला होतो. इथे येऊन अरबी लिपीतले आकडे पुस्तकातून शिकलो, तरी पहिला आलो. मला कुणाच्या वहीची काय गरज?”

“काहीच नाही,” इनायतबाई म्हणाल्या. “माझी चिठ्ठी आहे ना खिशात? वेळ वाचा.”

त्याने चिठ्ठी उलगडली. “दोन. स्पष्ट दोन आहे.”

फर्गलींनी मान लांब केली. “तीन आहे की.”

संचालकांनी आपल्या खिशातली चिठ्ठी पाहिली. “तीनच. म्हणून तर मी तीनला आलो.”

“छापील तीनला वर दोन खाचा असतात, छापील दोनला एक,” इनायतबाई म्हणाल्या. “आपण हातानं तीन लिहिताना एकच खाच काढतो. तो दिसतो छापील दोनसारखा. आपला हातचा दोन म्हणजे नुसती बिनखाचेची वाकडी रेघ. पहिलीपासून हे गिरवलेल्या माणसाला कळतं. पुस्तकातून शिकलेला फसतो, आणि तासभर आधी येऊन बसतो.”

त्यांनी दोन्ही वह्या शेजारी शेजारी उघडल्या.

“आता वह्या बघा. तेराचे बारा, तीसचे वीस, पाचशे तीसचे पाचशे वीस. जिथे तीन, तिथे दोन. पंधरात तीन नाही, म्हणून पंधरा शाबूत. भावजी, आकडे जुळत नाहीत हाच पुरावा. सुधारणा अशी एकाच आकड्याला धरून होत नसते. रामीसाहेबांनी हिची वही पाहून उतरवली आणि वर जुनी तारीख टाकली. यंत्राला हात लावला असता, तर बाराचा भुगा होतो हे त्यांनाही कळलं असतं.”

रामीने चिठ्ठी पुन्हा वाचली. मग खाली ठेवली.

“बरं,” संचालक घसा खाकरून म्हणाले. “संस्थेची अब्रू आहे. दोघांचीही नावं घालू आणि मिटवू.”

“नाही,” सुहैर म्हणाली.

“बाई, जरा समजूतदारपणा...”

“काल मला चोर म्हणताना तुम्ही तो दाखवला नाहीत. नोंदणीचा कागद काढा.”

त्यांनी कपाटातून कागद काढला. शोधकाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं, एकटीचं. खाली जाळीच्या नावाचा रकाना मोकळा होता. कागद संचालकांकडे सरकवून ती म्हणाली, “हे तुम्ही लिहा. नइमा.”

“नइमा कोण?”

“माझी आई.”

संचालक खालच्या आवाजात म्हणाले, “आपल्याकडे आईचं नाव चारचौघांत कुणी घेत नाही. गिरण्यांच्या भिंतींवर लागेल ते. लोक काय म्हणतील?”

“त्याच गिरणीत जन्मभर उभं राहून तिनं धागा काढला. कुठल्याही कापडावर तिचं नाव आलं नाही. लोकांना मोठ्यानं वाचू दे. लिहा.”

त्यांनी लिहिलं.