पहिल्या हाकेला

बोईसरच्या बाजारात पेंड घ्यायला गेलं की दुकानदार हमखास विचारतो, "म्हशी किती?" एकही नाही म्हटलं की तो माझ्याकडे जरा निराळ्या नजरेने बघतो. त्या दिवशीही त्याने बघितलं. मी शेंगदाण्याची पेंड, गूळ आणि थोडा मका घेतला, गाडीत टाकला आणि मुरब्याला घरी आलो.

ही पेंड माशांसाठी. गोड्या पाण्यातला मोठा कटला पकडायचा तर घाई चालत नाही. काठावर एक जागा धरायची, तिथे पेंडीचे गोळे टाकत राहायचं, गळ लावून काठ्या रोवायच्या, काठीच्या टोकाला लहानशी घंटी बांधायची आणि तंबू ठोकून दोन-तीन दिवस बसायचं. माशाला त्या जागेची चटक लागली की तो येतो. मग त्याचं वजन करायचं, फोटो काढायचा आणि पाण्यात सोडून द्यायचं. आमच्या कारखान्यातल्या काही जणांना हे वेड आहे. मोबाइलवर आमचा गट आहे, तिथे एकमेकांचे फोटो बघून आम्ही जळत असतो.

आमच्या दर्याकाठच्या मुरब्यात मात्र हे सांगायची सोय नाही. माझे वडील कमलाकांत, आयुष्यभर तांडेल. म्हणजे बोट त्यांच्या शब्दावर चालायची, खलाशी त्यांच्या शब्दावर जाळं टाकायचे. आणि त्यांच्या एकुलत्या एक मुलाला, मेहुलला, म्हणजे मला, बोट लागते. खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत पोटातलं सगळं बाहेर. शेवटी मी बोईसरला नोकरी धरली आणि बाबांनी बोट विकली. ते मला कधी एका शब्दाने बोलले नाहीत. बोललं ते गाव. "तांडेलाचा पोर दर्या सोडून डबक्यात गळ टाकतो," असं बंदरावर माझ्या तोंडावर म्हणायचे आणि मी हसून घ्यायचो. दुसरं काय करणार?

या खेपेला बाबा म्हणाले, "मी पण येतो. बघू तरी, काय करतोस तू तिकडं."

माझी बायको तेजल म्हणाली, थंडी आहे, त्यांना कशाला नेता. पण मला आतून इतका आनंद झाला होता की मी तिचं ऐकलं नाही. बाबा पहिल्यांदाच माझी मासेमारी बघणार होते. त्यांच्या डोळ्यांदेखत एक मोठा मासा काढायचा, बस्स, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सफाळ्याच्या पुढे डोंगरात एक लहान धरण आहे. त्याचं नाव मी गटात सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगत नाही. काठाला लागून नवशाचं शेत आहे. भात कापून झालं की तो तिथेच वाल पेरतो. तंबू त्याच्या बांधाजवळ ठोकायचा, हे आमचं जुनं ठरलेलं.

बाबा पाण्याकडे बघत राहिले. "लाट नाय, भरती नाय," ते म्हणाले. "हे पाणी बोलत कसं नाय रे?"

मी पेंडीचे गोळे टाकत होतो. त्यांनी विचारलं, "धरून सोडून देतोस?"

"हो."

"मग धरतोस कशाला?" आणि स्वतःच हसले. बाबा माझ्याबरोबर असे कितीतरी वर्षांनी हसले होते.

संध्याकाळी स्टोव्हवर चहा ठेवला तेव्हा ते दर्यावरच्या गोष्टी सांगायला लागले. धुकं असलं, अंधार असला आणि पाण्यावरून आपल्या नावाची हाक आली, तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. जे माणूस नसतं त्याला तिसरी हाक मारता येत नाही. तिसरी आली तर माणूस समजायचं, आणि मग हातातलं टाकून जायचं. हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. आमच्याकडे ते पोराटोरांनाही ठाऊक असतं.

दुसरा दिवस कोरडा गेला. घंट्या गप्प. पाण्याला मात्र वास यायला लागला होता, आंबलेल्या पेंडीचा, आणि त्याच्याखाली आणखी कसला तरी, तळातला चिखल उकरल्यावर येतो तसला. दिवेलागणीला आम्ही जेवत होतो. बाबांचा घास हातात राहिला.

"हाक मारलीस तू?"

"मी? मी इथेच आहे की..."

"हं." ते हळूच म्हणाले. "पाण्याकडनं आली..."

मी कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. बाबांनी घास खाली ठेवला आणि हात धुतले. त्यानंतर ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मी तिथेच बसलोय ना, याची खात्री करून घेत असावेत.

सकाळी उठलो तर धुकं इतकं दाट, की रोवलेल्या काठ्यासुद्धा दिसेनात. बाबांचं अंथरूण रिकामं होतं. परसाकडे गेले असतील असं मला वाटलं. मी स्टोव्ह पेटवायला वाकलो आणि घंटी वाजली.

नुसती वाजली नाही, काठी वाकून पाण्याला टेकली. मी धावत जाऊन ती उचलली आणि पलीकडच्या वजनाने माझे खांदे ओढले गेले. एवढा मासा मला आयुष्यात लागला नव्हता. दोरी सुटत होती, मी सोडत होतो, पुन्हा ओढत होतो.

तेव्हा डावीकडून, पाण्यावरून, हाक आली.

"मेहुल... कुठं हायेस रे..."

आवाज बाबांचा होता. त्यात शंका नव्हती, तेव्हाही नव्हती. पण मी स्वतःला सांगितलं, धुक्यात तंबू सापडत नसेल, येतील. मासा उलटा फिरला होता. दोरी ढिली पडली तर तो गेलाच.

"मेहुल..."

आता आवाज लांबून आला. मला परवाची गोष्ट आठवली आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. दुसऱ्या हाकेलाही ओ द्यायची नाही. नियम आहे, बाबांचाच आहे. मी दात आवळून ओढत राहिलो. हा मासा काठावर टाकला की बाबा बघतील, हेच मनात. खरंच, हेच होतं.

तिसरी हाक आली तेव्हा तिच्यात पाणी होतं. घोट गिळल्यासारखं माझं नाव मध्येच तुटलं.

मी म्हणालो, "आलो... थांबा जरा."

हे मी म्हणालो. मोठ्याने. आणि काठी सोडली नाही.

नंतर हाक आली नाही. मासा दमत दमत काठाशी आला, मी त्याच्याखाली जाळी घातली आणि त्याला गवतावर ओढलं. काळ्या पाठीचा, रुंद डोक्याचा कटला. तोंड उघडून मिटत होता. आणि मी खिशातून मोबाइल काढला. आधी फोटो काढला. मग मासा पाण्यात सोडला. मग डावीकडे धावलो.

नवशाने बाबांना बांधावर आडवं केलं होतं. ते नखशिखांत भिजलेले, ओठ निळे, पण श्वास चालू होता. त्याने आपलं कांबळं त्यांच्यावर टाकलं होतं.

"काठालाच पडला व्हता म्हातारा," नवशा म्हणाला. "किती हाका मारल्या त्यानं. मला शेताच्या त्या टोकाला ऐकू आल्या... तुला नाय आल्या?"

"नाही," मी म्हणालो. "धुकं होतं ना."

नवशाने कांबळं नीट केलं आणि बाबांचे पाय चोळायला लागला. मी त्याच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. आम्ही दोघांनी त्यांना गाडीत घातलं. वाटेत मी एका हाताने तो फोटो पुसून टाकला. कुणालाही दाखवला नाही, गटात तर नाहीच. मासा लागला होता, हेही कुणाला सांगितलं नाही. घरी, डॉक्टरांना, तेजलला, सगळ्यांना एकच सांगितलं: मी झोपलो होतो, मला काही ऐकू आलं नाही.

बाबांना पालघरच्या दवाखान्यात ठेवलं. छातीत पाणी गेलं होतं. पहिले काही दिवस ते नुसते पडून असायचे. मी सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन जायचो, त्यांना भरवायचो, तोंड पुसायचो. ते निमूटपणे खायचे आणि म्हणायचे, "तुमी लय करता हो माझं." मला तुम्ही? मी परिचारिकेला विचारलं. ती म्हणाली, औषधांनी होतं असं, वय झालंय. मलाही ते पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं.

मग एका दुपारी ते जरा टेकून बसले. ताप उतरला होता, नजर साफ होती. वॉर्डात जेवणं आटपून सगळे सुस्तावले होते. मी शेजारी बसलो आणि कधी नव्हे ते विचारलं, "बाबा, पाण्यात कशाला गेलात?"

"पोरानं हाक मारली," ते म्हणाले. "बुडतोय म्हणाला."

"पण तुम्हीच म्हणता ना... पहिल्या हाकेला..."

"तो दर्यावरचा नियम. आपल्या पोराला कसला नियम? पहिल्याच हाकेला गेलो." त्यांनी दम घेतला. "दिसत नव्हता. मग मी हाका मारल्या त्याला. तवा कुठं हात लागला. गार हात. पण त्याचाच, बापाला कळतं. ओढत आणला काठावर."

मी म्हणालो, "कुणाला आणलंत?"

"माझ्या मेहुलला." ते समजावल्यासारखं बोलत होते. "खाली मान घालून बसला गवतात. रडत व्हता. म्हणाला, बाबा, तुमची हाक मी ऐकतोय, तिन्ही ऐकल्या. पण मासा लागलाय. आधी फोटो काढीन, मग येईन."

वॉर्डातला पंखा फिरत होता. त्यांना तो काठावर हे सांगत होता तेव्हा मासा अजून माझ्या दोरीवर होता. मोबाइल माझ्या खिशात होता. तोवर फोटो काढायचं माझ्याही मनात आलं नव्हतं.

"मी म्हटलं, असू दे रे," बाबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मासा लागला की हात सुटत नाय, मला ठाऊक हाय. मी रागावलो नाय त्याच्यावर. डोक्यावरनं हात फिरवला. पण त्याला लाज वाटली असंल. उठला आणि परत पाण्यात चालत गेला. मला उठवेना..."

मी त्यांचा हात धरला. "बाबा, मी इथे आहे. मी मेहुल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. परक्या भल्या माणसाशी बोलावं तशा सौम्यपणे त्यांनी आपला हात सोडवून घेतला आणि दाराकडे नजर लावली.

"तुमी रोज डबा आणता, उपकार हायेत तुमचे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण मी माफ केलंय त्याला. कुणीतरी तिकडं जाऊन एवढं सांगा की त्याला... म्हणजे तो घरी येईल."