एक्सच्या जागी

२०१४ साली आमच्या विनीतचं लग्न झालं आणि तो बायकोला घेऊन शीवला राहायला गेला. नवरा आधीच वारलेला, त्यामुळे डिलाईल रोडच्या खोलीत मी एकटी उरले. दोन कपांचा चहा टाकायची सवय मोडायला महिना गेला. बोलायला कोणी नव्हतं, म्हणून दुपारच्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागले. अक्षरं पंचावन्नाव्या वर्षी शिकले होते, आता गणित.

पहिल्याच दिवशी पुस्तकं कमी पडली. शिकवणाऱ्या शांताबाईंनी मला एका पांढऱ्या मिशीवाल्या गृहस्थांच्या शेजारी बसवलं. ॲलॉयशियस. गिरणीत फिटर होते, बायको जाऊन नऊ वर्षं झालेली. वहीत दोन एक्स अधिक तीन बरोबर अकरा, आणि मी उत्तर पाच लिहिलेलं. तिकडे तिरकं बघत ते हळूच म्हणाले, "पाच? ठेवून बघा की."

"कुठे ठेवू?"

"एक्सच्या जागी."

पाच दुणे दहा, त्यात तीन मिळवले... तेरा. पलीकडे अकरा. मग चार ठेवला, आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या. ते मिशीत हसले. मी उगाच पदर सारखा केला.

मग रोज एकच पुस्तक दोघांत. पुस्तकं नंतर पुरेशी आली, तरीही. नाताळ झाल्यावर त्यांनी डब्यातून कलकल आणले, त्यांच्याकडचे तळलेले गोड शंखपाळे. मी एक तोंडात टाकला, तेवढ्यात ते म्हणाले, "मीराबाई, तुमच्या खोलीत एक जागा रिकामी आहे. मला ठेवून बघता का?"

"बघते," मी म्हटलं. कान तापले होते.

आणि खरंच बघत राहिले. गणपतीत त्यांना नारळ खवायला बसवलं. विनीतकडे जेवायला नेलं, तो त्यांच्याशी क्रिकेटवर भांडला. त्यांच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले. सगळीकडे जमत होतं. तरी चाळीतल्या बायका काय म्हणतील, गावचे दीर काय म्हणतील... एकेकाचं तोंड बघता बघता दोन वर्षं गेली. ते पुन्हा विचारत नव्हते. मी रात्री एकच ताट वाढून घेत होते.

एका दुपारी नवं गणित आलं. एक्समध्ये एक मिळवला तर पाचापेक्षा मोठा. मी पाच ठेवला, जमला. सहा जमला, सात जमला. पान भरलं, मी एकोणतीसवर पोचले.

त्यांनी माझ्या पेन्सिलीवर बोट ठेवलं. "याला अंत नाही गो. सगळे आकडे ठेवून बघायला आपल्याला वेळ कुठे आहे? चारापेक्षा मोठा... एवढं लिही, आणि थांब."

पहिल्यांदाच ते मला तू म्हणाले होते. मी तेवढं लिहिलं. खाली लिहिलं — या, राहायला.

त्यांनी त्या ओळीखालून बोट फिरवलं. मग विचारलं, "ताळा केलास?"

"दोन वर्षं केला."

तो जानेवारी २०१७. पुढचे चौदा महिने मी दोन कपांचा चहा टाकला. ॲलॉयशियस ९ मार्च २०१८ रोजी सकाळी, झोपेत वारले.