मज्जेतला पसारा

मिरजेच्या रक्तप्रयोगशाळेतल्या, पेशी कुणाच्या कुळातली हे ओळखणाऱ्या कुलवाचक यंत्राने तिसऱ्यांदाही तेच सांगितलं, तेव्हा तंत्रज्ञ भोसेकरांनी चष्मा पुसला.

"मॅडम, बाईंच्या रक्तात पुरुषाच्या पेशी! नळी नवऱ्याची दिसतेय."

"तिन्ही नळ्यांवर नाव मी स्वतः घातलंय," शाल्मली म्हणाली. "आणि आमचे हे सुई बघूनच आडवे होतात."

डॉ. यास्मिन मुजावर हसल्या. शाल्मलीला हसू येईना. वर्षभर तिच्या प्लेटलेट घटत आल्या होत्या; थोड्या वाढल्या त्या गेल्याच महिन्यात. जरा धक्का लागला की अंग काळंनिळं. उद्यापासून अस्थिमज्जा बदलायची होती. म्हणजे तीन महिने बंद खोलीत, चार वर्षांच्या निहारपासून दूर.

निहार टेबलाखाली खेळत होता. त्याची एक मोटार तिच्या पर्समध्ये, दुसरी डॉक्टरांच्या चपलेत.

"आवर तो पसारा! जाईल तिथे काहीतरी टाकून येतो मेला." मग हळूच, "डॉक्टर, माझं हे त्याला नाही ना होणार?"

"सातव्यांदा सांगते, नाही. हा दोष जन्माचा नव्हे. मोठेपणी तुमच्या मज्जेतल्या एका मूळपेशीत चूक झाली. तिचं कूळ वाढलं, आणि त्या कुळाला प्लेटलेट करणं जमत नाही. असली चूक लेकराकडे जात नाही."

"आणि हे दुसरं, पुरुषाचं कूळ?"

"ते निर्दोष आहे. त्याच्यामुळेच महिन्यात प्लेटलेट चाळीस हजारांवरून नव्वदवर गेल्या. पण ते कुणाचं हे कळेपर्यंत मी उद्याची तयारी थांबवणार नाही. कधी रक्त चढवलंय?"

"कधीच नाही. कुणाचं काही माझ्या अंगात…" शाल्मली थबकली. तिने वाकून टेबलाखाली पाहिलं. "डॉक्टर, पोटात असताना बाळाचं आईकडे काही येतं?"

मुजावरबाई खुर्चीतून उठल्या. "येतं! थोड्या पेशी येतात, वर्षानुवर्षं राहतात. त्यात मूळपेशी असली आणि मज्जेत जागा मिळाली, तर… भोसेकर, कापूस आणा!"

निहारच्या गालाच्या आतून कापूस फिरला. तासाभराने भोसेकर ओरडले, "जुळलं! शंभर टक्के!"

"उद्याचं रद्द," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या लेकाने घरातूनच औषध पाठवलंय."

गडबड ऐकून निहार घाबरून मोटारी गोळा करू लागला. "आवरतो आई, आवरतो!"

"नको रे राजा," शाल्मली खाली बसत म्हणाली. "राहू दे तिथेच."