द्रौपदीबाईंच्या पावत्या

चूक भारतीनेच पकडली. अंबरनाथ एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. एवढीशी खोट दिसली तरी तिला चैन पडत नसे. यंदाचं इन्कम टॅक्स रिटर्न भरताना गेल्या वर्षीचेच रकाने उतरले होते, त्यांत आईच्या औषधपाण्याचा खर्चही. आईला, द्रौपदीबाईंना, जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

“सुधारित भरून टाकू ताई, एकतीस डिसेंबरपर्यंत चालतं,” उल्हासनगर कॅम्प पाचमधले कर सल्लागार चेतन रोहरा म्हणाले. “मम्मीचा खर्च तेवढा काढायचा. बिल तर नसेलच ना?”

“कुठून असणार?” म्हणत भारतीने आईच्या औषधपाण्याची फाइल उघडली. वरच पावती होती. द्रौपदी शिवराम, रक्ततपासणी, तारीख गेल्या सोमवारची. साखर अगदी नॉर्मल. दवाखाना आईचा नेहमीचाच, रस्तारुंदीत केव्हाच जमीनदोस्त झालेला.

ती घाबरली, हे खरं. पण घरी निघाल्यावर तिला हसूच फुटलं. या मेल्या साखरेने दहा वर्षं आईचं गोड बंद केलं होतं! भारतीने पाव किलो जिलेबी घेतली आणि शेजारच्या माधवीकाकूंपुढे पुडा धरला.

“कशाची गं?”

“आईची शुगर उतरली.”

काकूंचा हात पुड्यावरच थांबला.

पुढे फाइलीत पावत्या येत राहिल्या. मोतीबिंदू काढून झाला. गुडघे मोकळे झाले. वजन दोन किलोने वाढलं. भारती प्रत्येक पावती उजेडात धरून दोनदा वाचायची. कुठे खोट सापडेना. आई बरी होत होती, आणि भारती कित्येक महिन्यांनी कामावर गुणगुणत होती.

एकतीस तारखेला दुपारी चेतन रोहरांचा फोन आला. “आज लास्ट डे है, ताई. काढू ना मम्मीचं? नाहीतर नोटीस येईल.”

आईचा खर्च काढला की पावत्या थांबणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

“येऊ दे नोटीस. राहू द्या आईला.”

फोन ठेवून तिने फाइल उघडली. दवाखान्याची नवी चिठ्ठी होती: उद्या सकाळी दहा वाजता येणे. सोबत मुलीला आणणे.

सकाळी तिने आईला आवडायची ती जांभळी साडी नेसली. नाक्यावर रिक्षा उभीच होती.

“बसा ताई,” ती काही सांगायच्या आत रिक्षावाला म्हणाला. “आजींनी भाडं दिलंय.”

भारतीला आनंदाने भरून आलं. “परतीचंही?”

“नाय. जायचंच फक्त, बोलल्या.”